जनसंज्ञापनाचे विद्यापीठीय अध्ययन, वऱ्हाडातील

वृत्तपत्रे, नभोवाणी, दूरचित्रवाणी, चित्रपट आणि संगणकाधिष्ठित नवी साधने यांच्याद्वारे विशाल जनसमूहापर्यंत माहिती, विचार व मनोरंजन पोहोचविण्याच्या प्रक्रियेस जनसंज्ञापन असे म्हणतात. या प्रक्रियेचा इतिहास, सिद्धांत, कायदा व व्यवसायतंत्र यांचे विद्यापीठीय अध्ययन प्रारंभी ‘वृत्तपत्रविद्या’ या नावाने ओळखले जाई. नभोवाणी व दूरचित्रवाणी यांचा प्रसार झाल्यावर ‘जनसंज्ञापन’ ही अधिक व्यापक संज्ञा रूढ झाली. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा व वाशीम (१९९८ पूर्वी अकोला जिल्ह्याचा भाग) या पाच जिल्ह्यांच्या वऱ्हाडात या अध्ययनाचे तीन प्रवाह दिसतात : नागपूरहून आलेला वृत्तपत्रविद्येचा प्रवाह, अकोल्याच्या कृषी विद्यापीठातील कृषिविस्ताराचा प्रवाह आणि अमरावती येथे विद्यापीठ व राष्ट्रीय संस्था यांच्या स्थापनेनंतर वाढलेला जनसंज्ञापनाचा प्रवाह. हे तिन्ही प्रवाह बव्हंशी एकमेकांपासून अलग राहिले, ही या इतिहासातील लक्षणीय बाब होय.

पूर्वपीठिका : विद्यापीठीय शिक्षण येण्यापूर्वी वऱ्हाडात वृत्तव्यवसायाची परंपरा सुस्थापित झाली होती. १८५३ च्या तहान्वये हा प्रदेश निजामाकडून इंग्रजांच्या व्यवस्थेखाली आला. पुढे कापसाचा वाढता व्यापार, १८६० नंतरच्या दशकात आलेला लोहमार्ग, जिल्हा न्यायालये आणि इंग्रजी शाळा यांमुळे अकोला व अमरावती येथे वकील, शिक्षक, व्यापारी व कारकून यांचा वाचकवर्ग तयार झाला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अकोल्यास वऱ्हाड समाचार हे पत्र निघाले. विसाव्या शतकात अमरावतीचे उदय, पंजाबराव देशमुखांचे महाराष्ट्र केसरी, ब्रिजलाल बियाणी यांच्या प्रेरणेने अकोल्यात निघालेले मातृभूमि इ. पत्रांनी राष्ट्रीय चळवळ, ब्राह्मणेतर चळवळ व शेतकऱ्यांचे प्रश्न यांस वाचा फोडली. यवतमाळ येथे १९१८ मध्ये सुरू झालेल्या लोकमत या साप्ताहिकाचे नाव पुढे जवाहरलाल दर्डा यांनी आपल्या पत्रास दिले व १९७१ मध्ये त्या नावाचे दैनिक नागपूरहून निघू लागले. स्वातंत्र्योत्तर काळात अमरावतीचे हिंदुस्थान, अकोल्याचे देशोन्नती यांसारख्या दैनिकांनी जिल्हा पातळीवरील वाचकवर्ग विस्तारला.

या पत्रांत काम करणाऱ्यांचे शिक्षण उमेदवारीच्या पद्धतीने होई. अनेक लहान पत्रांत संपादक, मालक व मुद्रक ही एकच व्यक्ती असे. नवशिका प्रथम मुद्रिते तपासी, तारांचे भाषांतर करी, बाजारभाव व सभांची वृत्ते लिही आणि अनुभवाने उपसंपादक होई. तालुक्याचा वार्ताहर बहुधा शिक्षक, वकील किंवा पत्राचा विक्रेताच असे व त्याचे मानधन नाममात्र असे. या पद्धतीत भाषेचा सराव व गावाची बारीक ओळख हे गुण सहज येत. तथापि कायद्याचे ज्ञान, आकडेवारीची पारख आणि जाहिरातदार वा स्थानिक पुढारी यांच्यापासून अलिप्तता यांचे शिक्षण मिळेलच, याची शाश्वती नसे. विद्यापीठीय शिक्षणाची गरज नेमकी या उणिवांतून उत्पन्न झाली.

विद्यापीठीय शिक्षणाचा उगम : वृत्तपत्रविद्या ही विद्यापीठात शिकविण्याजोगी विद्या आहे की केवळ हातोटी आहे, हा वाद जुना आहे. अमेरिकेत मिसूरी विद्यापीठाने १९०८ मध्ये स्वतंत्र वृत्तपत्रविद्यालय काढले. वृत्तपत्रमालक जोसेफ पुलिट्झर यांच्या देणगीतून कोलंबिया विद्यापीठात १९१२ मध्ये असेच विद्यालय सुरू झाले. भारतात ॲनी बेझंट यांनी १९२० मध्ये अड्यार येथील राष्ट्रीय विद्यापीठात याचा पहिला प्रयत्न केला. अलीगढ मुस्लिम विद्यापीठातील १९३८ चा अभ्यासक्रम अल्पजीवी ठरला. लाहोर येथील पंजाब विद्यापीठात पृथ्वीपाल सिंग यांनी १९४१ मध्ये सुरू केलेला विभाग मात्र टिकला आणि फाळणीनंतर भारतात पुन्हा उभा राहिला.

नागपूरचा प्रवाह : वऱ्हाडातील महाविद्यालये १९२३ मध्ये स्थापन झालेल्या नागपूर विद्यापीठाच्या कक्षेत होती. त्याच वर्षी अमरावतीस किंग एडवर्ड महाविद्यालय (पुढील विदर्भ महाविद्यालय) सुरू झाले. अकोल्यास १९४५ मध्ये सीताबाई कला महाविद्यालय व अमरावतीस १९४६ मध्ये श्री शिवाजी महाविद्यालय निघाले. या संस्थांतून इंग्रजी, मराठी, इतिहास, अर्थशास्त्र व विधी हे विषय शिकून पदवीधर झालेले तरुण वृत्तव्यवसायात येत. परंतु वृत्तपत्रविद्या शिकावयाची तर नागपूर गाठावे लागे. तेथील हिस्लॉप महाविद्यालयात १९५२ मध्ये वृत्तपत्रविद्येचा विभाग सुरू झाला. देशातील आरंभीच्या मोजक्या विभागांत त्याची गणना होते. अमेरिकेतील सिराक्यूज विद्यापीठाचे प्राध्यापक रोलंड वुल्सली यांनी त्याच्या उभारणीस साहाय्य केले. त्यांनी संपादिलेला जर्नॅलिझम इन मॉडर्न इंडिया (१९५३) हा ग्रंथ भारतीय विद्यार्थ्यांसाठी तयार झालेल्या पहिल्या पाठ्यग्रंथांपैकी एक होय. महाराष्ट्रात पुढे पुणे विद्यापीठाने १९६४ मध्ये रानडे इन्स्टिट्यूटमध्ये वृत्तपत्रविद्या विभाग सुरू केला.

नागपूर अमरावतीपासून सु. १५० व अकोल्यापासून सु. २५० किमी. आहे. हे अंतर शेतकरी वा कारकुनाच्या मुलास सहज पार करता येण्याजोगे नव्हते. शिवाय या विषयाचे ग्रंथ इंग्रजीत होते, तर वऱ्हाडातील नोकऱ्या मराठी पत्रांत होत्या. परिणामी शिक्षण घेतलेला विद्यार्थी नागपूर-मुंबईच्या पत्रांकडे वळे आणि जिल्ह्याची पत्रे पूर्ववत उमेदवारीवरच चालत.

कृषिविस्ताराचा प्रवाह : अकोला येथे २० ऑक्टोबर १९६९ रोजी पंजाबराव कृषी विद्यापीठ (पुढे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ) स्थापन झाले. कृषी विद्यापीठांवर अध्यापन व संशोधन यांच्या बरोबरीने विस्ताराची, म्हणजे संशोधनाचे निष्कर्ष शेतकऱ्यांपर्यंत पोहोचविण्याची जबाबदारी असते. त्यामुळे विस्तारशिक्षण हा येथील एक मुख्य विषय ठरला. संदेशाचा प्रेषक, आशय, माध्यम व ग्राहक यांचे विश्लेषण, प्रात्यक्षिके, शेतकरी मेळावे, कृषी पत्रकारिता व नभोवाणीवरील भाषणे यांचा समावेश त्यात होतो. वस्तुतः हे संज्ञापनाचेच अध्ययन होय; मात्र ते त्या नावाने ओळखले गेले नाही.

या विषयाचा सैद्धांतिक आधार अमेरिकेतील शेतीसंशोधनात सापडतो. आयोवा राज्यातील शेतकऱ्यांनी मक्याचे संकरित बियाणे कसे स्वीकारले, याचा ब्राइस रायन व नील ग्रॉस यांनी केलेला अभ्यास १९४३ मध्ये प्रसिद्ध झाला. एव्हरेट रॉजर्स यांनी १९६२ मध्ये नवप्रवर्तनाच्या प्रसाराचा सिद्धांत मांडला. नव्या गोष्टीची माहिती प्रसारमाध्यमांतून मिळते. परंतु ती स्वीकारण्याचा निर्णय बहुधा शेजारी, नातलग व गावातील विश्वासू व्यक्ती यांच्या सल्ल्याने होतो, असे या परंपरेतील अभ्यासांत आढळले. संकरित ज्वारी व संकरित कापूस यांच्या प्रसारकाळात वऱ्हाडातील विस्तार कार्यकर्त्यांसमोर हाच प्रश्न होता. महाराष्ट्रातही याचा एक महत्त्वाचा प्रयोग झाला होता. १९५६ मध्ये युनेस्कोच्या साहाय्याने आकाशवाणीच्या पुणे केंद्राच्या प्रक्षेपणक्षेत्रातील सु. १५० खेड्यांत श्रोतामंडळे स्थापण्यात आली. कार्यक्रम ऐकावा, त्यावर चर्चा करावी व निर्णय कृतीत आणावा, अशी त्यांची पद्धती होती. केवळ श्रवणापेक्षा श्रवणोत्तर चर्चेने ज्ञान अधिक वाढते, असे या प्रयोगाच्या परीक्षणात दिसून आले.

अकोल्याच्या विद्यापीठाची मासिके व दैनंदिनी, आकाशवाणीच्या नागपूर (१९४८) व नंतरच्या अकोला, अमरावती व यवतमाळ येथील केंद्रांवरील शेतीविषयक कार्यक्रम आणि शिवारफेऱ्या ही या प्रवाहाची कार्यक्षेत्रे होत. तथापि वृत्तपत्रविद्येचा विद्यार्थी कृषिविस्तार शिकत नाही आणि कृषिविस्ताराचा विद्यार्थी वृत्तपत्रांचा कायदा, इतिहास व नीती यांचे सखोल अध्ययन करीत नाही, अशी स्थिती राहिली. कापसाच्या प्रदेशात ही उणीव विशेष जाणवते. १९७२ मध्ये राज्यात कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाल्यावर कापसाची प्रतवारी, हमीभाव आणि शेतकऱ्यास मिळावयाची अंतिम रक्कम हे घरोघरच्या चर्चेचे विषय झाले. त्यांचे वृत्त देणाऱ्यास शेतीचे अर्थकारण व वृत्तलेखन या दोहोंचे ज्ञान असणे अगत्याचे होते.

अमरावती विद्यापीठ : नागपूर विद्यापीठाचे विभाजन होऊन १ मे १९८३ रोजी अमरावती विद्यापीठ स्थापन झाले. २००५ मध्ये त्यास संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठ असे नाव देण्यात आले. त्याच्या कार्यक्षेत्रातील महाविद्यालयांतून वृत्तपत्रविद्या व जनसंज्ञापन या विषयांचे पदवी व पदव्युत्तर शिक्षण उपलब्ध झाले. नाशिक येथील यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाच्या (स्था. १९८९) अभ्यासक्रमांमुळे नोकरी सांभाळून शिकू इच्छिणाऱ्या वार्ताहरांचीही सोय झाली. तालुक्याच्या गावी अनेक वर्षे बातम्या पाठविणारे प्रौढ वार्ताहर यांमुळे प्रथमच या विषयाचे विद्यार्थी झाले.

दिल्ली येथील भारतीय जनसंचार संस्था १७ ऑगस्ट १९६५ रोजी स्थापन झाली. तिच्या योजनेस अमेरिकन संज्ञापनतज्ज्ञ विल्बर श्रॅम यांच्या विचारांची पार्श्वभूमी होती. विकसनशील देशांत प्रसारमाध्यमे हे विकासाचे साधन व्हावे, हे त्यांचे प्रतिपादन त्या काळी सर्वमान्य होते. २०११ मध्ये या संस्थेचे प्रादेशिक केंद्र अमरावतीस विद्यापीठाच्या परिसरात सुरू झाले. प्रारंभी तेथे इंग्रजी पत्रकारितेचा पदव्युत्तर पदविका अभ्यासक्रम होता. २०१७ च्या सुमारास मराठी पत्रकारितेच्या अभ्यासक्रमाची त्यात भर पडली. २०२४ मध्ये संस्थेस अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला व तो तिच्या प्रादेशिक केंद्रांसही लागू झाला. या केंद्रामुळे जिल्ह्याच्या ठिकाणी अन्य प्रांतांतील विद्यार्थी येऊ लागले.

अभ्यासक्रम व भाषा : या अभ्यासक्रमांत सामान्यतः वृत्तसंकलन व लेखन, संपादन व पृष्ठमांडणी, वृत्तपत्रांचा इतिहास, माध्यमविषयक कायदे व नीती, संज्ञापनाचे सिद्धांत, जनसंपर्क व जाहिरात, नभोवाणी व दूरचित्रवाणी निर्मिती, संशोधनपद्धती व अलीकडे संगणकीय माध्यमे यांचा समावेश असतो. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने (२०२०) प्रत्यक्ष कार्यानुभवास अभ्यासक्रमात स्थान दिले. त्यामुळे जुनी उमेदवारी एका अर्थाने पुन्हा विद्यापीठात आली आहे.

भाषेचा प्रश्न मात्र सर्वस्वी सुटलेला नाही. मराठीत रा. के. लेले यांचा मराठी वृत्तपत्रांचा इतिहास (१९८४) यांसारखे संदर्भग्रंथ आहेत. मराठीतून विद्यापीठीय ग्रंथ निर्माण करण्यासाठी नागपूर येथे महाराष्ट्र विद्यापीठ ग्रंथनिर्मिती मंडळ स्थापन झाले होते. तरीही संज्ञापनाचे सिद्धांत बहुतांशी भाषांतरातूनच शिकविले जातात व त्यांतील उदाहरणे परदेशी असतात. दुसरा प्रश्न वऱ्हाडी बोलीचा आहे. शेतकरी आपले म्हणणे वऱ्हाडीत सांगतो आणि वार्ताहर ते प्रमाण मराठीत उतरवितो. या रूपांतरात काय गळते, याचे अध्ययन वऱ्हाडातील विद्यार्थ्याइतके दुसरा कोण करू शकणार? मेळघाटातील कोरकू ही तर मुंडा कुलातील, मराठीहून सर्वस्वी भिन्न भाषा आहे. १९९३ मध्ये मेळघाटातील बालमृत्यूंकडे राज्याचे लक्ष वेधले गेले. आरोग्याची माहिती तेथील मातांपर्यंत कोणत्या भाषेत व कोणामार्फत पोहोचते, हा केवळ ज्ञानाचा नव्हे, तर जीवितरक्षणाचा प्रश्न आहे. रिद्धपूर (जि. अमरावती) येथे २०२४ मध्ये कार्यान्वित झालेल्या मराठी भाषा विद्यापीठामुळे भाषा व माध्यमे यांच्या एकत्रित अध्ययनास नवे क्षेत्र लाभू शकेल.

देशी परंपरा : संज्ञापनाच्या अध्ययनास लागणारी सामग्री वऱ्हाडात विपुल आहे. रिद्धपूर हे महानुभाव पंथाचे पवित्र क्षेत्र होय. चक्रधरांच्या आठवणी म्हाइंभटांनी तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात अनुयायांकडून मिळविल्या. त्यासाठी ते ठिकठिकाणी गेले, प्रत्यक्ष साक्षीदारांस भेटले व नागदेवाचार्यांकडून त्या आठवणींची पारख करून घेतली, अशी परंपरा आहे. साक्षीदारास गाठणे, त्याचे शब्द जपणे व पडताळा घेणे ही वृत्तसंकलनाची मूलतत्त्वे लीळाचरित्राच्या निर्मितीत स्पष्ट दिसतात.

ज्यांचे नाव विद्यापीठास दिले आहे, ते गाडगे महाराज (१८७६–१९५६) हे स्वतः निरक्षर होते. दिवसा खराट्याने गाव झाडून रात्री ते कीर्तन करीत. श्रोत्यांस प्रश्न विचारीत, त्यांच्याच तोंडून उत्तरे वदवून घेत आणि कर्ज, दारू, पशुबळी व अस्पृश्यता यांविषयीचा निष्कर्ष श्रोत्यांसच काढावयास लावीत. त्यांच्या मृत्यूपूर्वी काही आठवडे मुंबईत झालेल्या कीर्तनाचे ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे. तुकडोजी महाराज (१९०९–६८) यांनी मोझरी येथील गुरुकुंज आश्रमातून खंजिरी भजन, सामुदायिक प्रार्थना, नियतकालिक व ग्रामगीता अशी मौखिक व मुद्रित माध्यमे एकत्र योजिली. पुण्याच्या श्रोतामंडळांच्या प्रयोगाने जे सिद्ध केले, ते या कीर्तनकारांच्या आचरणात आधीपासून होते : श्रोता केवळ ऐकणारा न राहता बोलू लागला, म्हणजे संदेश त्याचा होतो.

मूल्यमापन : या शिक्षणाच्या उपयुक्ततेची खरी कसोटी वऱ्हाडातील शेतकरी आत्महत्यांच्या काळात लागली. २००६ मध्ये पंतप्रधानांनी विदर्भास भेट दिली आणि अमरावती विभागातील पाच जिल्हे व वर्धा मिळून सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची मदतयोजना जाहीर झाली. ग्रामीण भारताविषयीच्या पत्रकारितेसाठी पी. साईनाथ यांना २००७ चा मागसायसाय पुरस्कार मिळाला. विदर्भातील शेतीसंकटाविषयीचे त्यांचे लेखन देशभर वाचले गेले. आत्महत्यांची वृत्ते जिल्हा दैनिकांतून येतच होती. परंतु सुट्या घटनांमागील पतपुरवठा, बियाण्यांचा खर्च, पावसावर अवलंबून असलेली शेती व भाव यांची साखळी उलगडून दाखविण्यासाठी वेळ, प्रशिक्षण व संस्थेचे पाठबळ लागते. तालुका वार्ताहराजवळ गावाची माहिती होती. हे पाठबळ क्वचितच होते. ज्या प्रदेशास आपली हकीकत सांगणारी माणसे स्वतः घडविता येत नाहीत, त्याची हकीकत इतर लोक सांगतात, आणि कधी कधी ती उशिरा सांगितली जाते.

विद्यापीठीय शिक्षणाने वऱ्हाडात काही निश्चित लाभ झाले. मुली व ग्रामीण तरुण यांना या व्यवसायाची वाट मिळाली, कायदा व नीती यांची ओळख झाली आणि संशोधनाची सवय लागली. मात्र स्थानिक पत्रांतील अल्प वेतन, जाहिरातींवरील अवलंबन व भ्रमणध्वनीवरून पसरणाऱ्या असत्यापित मजकुराची स्पर्धा यांमुळे शिकलेले विद्यार्थी पुणे-मुंबईकडे किंवा जनसंपर्काकडे वळतात. अकोल्याचे विस्तारशिक्षण, अमरावतीचे जनसंज्ञापन आणि रिद्धपूरचे भाषाध्ययन या तिन्हींचा समन्वय साधल्यास हा विषय या भूमीत रुजेल. कापसाचा भाव, खारपाणपट्ट्यातील पाणी, मेळघाटातील आरोग्य व कीर्तनातील संवाद हे त्याचे पाठ्यविषय झाले पाहिजेत. परदेशी सिद्धांतांची पारख अशा स्थानिक प्रश्नांवरच होऊ शकते आणि ती करण्याची सोय वऱ्हाडातील विद्यार्थ्यास त्याच्या घरापासून एका दिवसाच्या प्रवासात उपलब्ध आहे.